लादीवर आपटून घेतलेला कॅमेरा

आमच्या घरात वस्तू कव्हरात येते आणि कव्हरातच म्हातारी होते. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. फ्रीजच्या मुठीला क्रोशाचं आवरण. सोफ्याला कव्हर, त्या कव्हरावर चादर, आणि पाहुणे येणार असले की चादरीवर आणखी एक चांगली चादर. सोफ्याचा मूळ रंग मी अठरा वर्षांत दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा तो मला वेगळा वाटला. वॉशिंग मशीनच्या बटणांवरचा पारदर्शक कागद अजून तसाच आहे. त्याच्याखाली साबणाचं पाणी जाऊन बुडबुडे आलेत, कुठलं बटण कशाचं ते वाचता येत नाही, पण कागद काढायचा नाही. "कागद काढला की वस्तू जुनी होते," असं आईचं म्हणणं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मी त्रेपन्न. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई माझ्याकडे राहते की मी आईकडे, हा डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांमधला कायमचा वाद आहे. वीजबिल माझ्या नावावर येतं, हुकूम तिचा चालतो.

तर मागच्या वर्षी ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले. उजव्याचा पडदा फारच पातळ झालाय, डावा आहे तोवर वाचन करा, टीव्ही बघा, असं गोड बोलून सांगितलं. परत येताना रिक्षात आई एकेक डोळा हाताने झाकून बाहेर बघत होती. मला वाटलं घाबरली. मी आपली मायेने म्हटलं, "आई, कुठे जाऊन यायचंय का? काशीला जाऊया?"

"काशीत काय ठेवलंय?" आई म्हणाली. "मला ह्यांची ती जागा बघायचीय."

ती जागा म्हणजे काय ते सांगते. माझे बाबा सरकारच्या रस्ते बांधणाऱ्या एका खात्यात ओव्हरसियर होते. मी दुसरीत असताना त्यांची बदली हिमाचलच्या पार टोकाला, स्पितीत झाली. वर्षभरासाठी म्हणून गेले आणि तीन वर्षं राहिले. मधे माझा भाऊ झाला. त्याचं बारसं बापाशिवाय झालं, आणि एकदा चार दिवसांच्या रजेवर आलेल्या बाबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रांगत होता. बाबांना बघून त्याने भोकाड पसरलं होतं. इकडे आई एका कडेवर पोर आणि दुसऱ्या कडेवर हंडा घेऊन नळावर उभी, आणि तिकडून पत्रं यायची : 'येथील हवा फारच उत्तम. नदीकाठी छान खोली मिळाली आहे. दारात सफरचंदाचे झाड आहे. माझी काळजी नसावी.' आईला काळजी नव्हतीच. राग होता. तो तिने पुढची पस्तीस-चाळीस वर्षं लोणच्यासारखा मुरवला. बाबा "काय उकडतंय" म्हणाले की ही म्हणायची, "जा मग तुमच्या नदीकाठी." भाजी अळणी झालीय म्हणाले की, "सफरचंदं खाऊन आलेली जीभ ना ती!" बाबा हसायचे. "मजा होती खरी," एवढंच म्हणायचे. आठ वर्षांपूर्वी बाबा गेले, राग घरातच राहिला.

"एवढं काय होतं तिथे, की माणसाला बायकापोरांकडे यावंसं वाटलं नाही, ते मला एकदा बघू दे," आई म्हणाली. "डोळे आहेत तोवर."

तिचे गुडघे स्टेशनचा पूल चढायला तयार नाहीत, स्पिती कुठली! तेव्हा ठरलं की मी जायचं आणि फोटो आणायचा. मोठा, स्वच्छ, टीव्हीवर लावून बघता येईल असा. जायला मिळणार एकदाच, आईचे डोळे थांबणार किती कोणास ठाऊक, म्हणजे फोटो चुकून चालणार नव्हता. मला रात्री झोप लागेना. मी ठाण्याच्या एका विमा कचेरीत तीस वर्षं लोकांना 'कागदपत्रं अपूर्ण आहेत' असं सांगत आलेय, आणि आता माझंच काम अपूर्ण राहायची भीती.

बरोबर कोण? तर माझी कल्याणची मैत्रीण. शाळेपासूनची. नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली, आणि कशालाही न घाबरणारी. ती म्हणाली, "येते मी. पण अगं, मोबाईलवर विसंबू नकोस हां." ती दोन वर्षांपूर्वी लेहला गेलेली. तिथल्या थंडीत तिच्या मोबाईलने पहिल्याच सकाळी मान टाकली ती थेट चंदिगडला उतरल्यावर वर काढली. लेहच्या सहलीचा तिच्याकडे एकच फोटो आहे, चंदिगड विमानतळावरच्या कचराकुंडीचा. तोही चुकून निघालेला.

मोबाईल बाद झाला आणि मी भावाला फोन केला. तीच माझी पहिली चूक. भाऊ घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतो, लोणावळ्याच्या पलीकडे गाडी काढत नाही आणि हिमालयातल्या सगळ्या घाटांबद्दल त्याला ठाम मतं आहेत. त्याने तीन आठवडे 'रिसर्च' केला. रविवारी लॅपटॉप घेऊन आला, त्यात सतरा रकान्यांचा तक्ता. वजन, धूळ, पाणी, पडणं, थंडी, बॅटरी, पॉवर बँकवर चार्ज होतो की नाही, बिघडला तर ठाण्यात दुरुस्त होतो की नाही. मी म्हटलं, "अरे, मग घ्यायचा कुठला?" तर म्हणतो, "ताई, ते डिपेंड करतं." तीन आठवडे घासून आणि सतरा रकाने भरून माणूस म्हणतो, डिपेंड करतं! मी त्याला चहा दिला आणि लॅपटॉप मिटवला. पण खरं सांगायचं तर त्या तक्त्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात राहिल्या. लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा नको, कारण लेन्स बदलताना धूळ आत जाते. आणि बटणं अशी हवीत की हातमोजे घालूनही दाबता येतील.

मैत्रिणीचं म्हणणं निराळं. तिचा भाचा कल्याणला लग्नांचे फोटो काढतो, त्याला विचारू म्हणाली. गेलो. त्याने आपला कॅमेरा टेबलावर ठेवला, ठेवला म्हणजे धाडकन ठेवला, आणि म्हणाला, "मावशी, हा माझा हिरा आहे. अडीचशे लग्नं केलीयत ह्याने. हळदीत माखलाय, वरातीत नाचलाय, एकदा तर पंगतीत वरणाच्या पातेल्यात पडलेला. धुतला, पुसला, सप्तपदीला परत उभा." मला तो घ्यावासाच वाटला. उचलला तर हात खाली गेला. पाटा-वरवंटा गळ्यात बांधून चौदा हजार फुटांवर कोण चढणार? शिवाय त्यातून अजून थोडा हिंगाचा वास येत होता.

शेवटी आईच उठली. "चल, आपल्या आपण बघू. ऐकावे जनाचे, करावे मनाचे." मे महिन्याच्या टळटळीत उन्हात आम्ही दोघी डोंबिवली स्टेशनजवळच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार जुना, सज्जन माणूस. मी म्हटलं, लांबचा प्रवास आहे, खराब रस्ते, धूळ, थंडी, पाणी, टिकाऊ पाहिजे. त्याने एक छोटा, जाडजूड, लाल रंगाचा कॅमेरा काढला. लेन्स बाहेर येत नाही, सगळं आतल्या आत, पुढे सपाट काच. आईने तो हातात घेतला आणि माठ घेताना वाजवतो तसा बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. कान लावला. मग पर्समधून माझे लोकरी हातमोजे काढले, मे महिन्यात, डोंबिवलीत, चढवले आणि एकेक बटण दाबून बघितलं. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून आमच्याकडे बघत होती.

"पडला तर?" आईने विचारलं.

"आजी, सात फुटांवरून पडला तरी काही होत नाही."

"मग पाडा."

दुकानदाराला वाटलं थट्टा आहे. माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं. आई म्हणाली, "तुम्हीच म्हणताय ना काही होत नाही? मग घाबरता कशाला? गिऱ्हाइकाला सांगायला एक आणि स्वतःला दुसरं असं का?" बिचाऱ्याने शोकेसमधला दाखवायचा पीस काढला आणि काउंटरसमोरच्या पायपुसण्यावर हळूच सोडला. "पायपुसण्यावर नको," आई म्हणाली, "तिकडे कुठे पायपुसणी अंथरलीयत? लादीवर टाका. उंचावरून." त्याने डोळे मिटले आणि हात वर करून सोडला. खाडकन आवाज झाला. कॅमेऱ्याला काही झालं नाही. लादीचा टवका उडाला.

मग पाण्याच्या बादलीत बुडवून झाला, पुसून झाला, त्याने आईचाच एक फोटो काढून दाखवला. फोटोत आई परीक्षकासारखी उभी होती. "हा द्या," ती म्हणाली. "हा नव्हे, ह्याचा नवा, डब्यातला." दुकानदाराने घाम पुसत डबा काढला. त्यावर आई विचारते, "आणि ह्याला कव्हर?" तो म्हणाला, "आजी, ह्याला कव्हर लागत नाही. तेच तर ह्याचं वैशिष्ट्य." आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला त्याची दया आली.

घरी आल्यावर देवापुढे ठेवून झाला, हळदकुंकू लागलं. मी मागच्या स्क्रीनवरचा कागद सोलायला घेतला तोच आई ओरडली, "अगं अगं अगं! काय करतेस? घेतला नाही तोच नासवणार?" मी म्हटलं, "आई, हा लादीवर आपटला तरी फुटत नाही, ह्याला कागद कशाला?" तर म्हणे, "म्हणून काय अंगावरचे कपडे काढायचे?" मी हात टेकले. कागद राहिला. आणि पुढच्या पंधरा दिवसांत तिने कॅमेऱ्यासाठी चार आवरणं केली. सगळ्यात आत झिपची पिशवी. त्यावर फ्लॅनेलची थैली, नाडीवाली. त्यावर क्रोशाचं कव्हर, बटणाचं. सगळ्यावर जुन्या रेक्झिनची पर्स, चेनवाली. हे सगळं चढलं की कॅमेरा दुप्पट दिसायचा.

सराव म्हणून मी गच्चीवरून मलंगगडाचा फोटो काढला. धुरकट आला. तर डोंबिवलीतून मलंगगड कधी स्वच्छ दिसलाय? कंपन्यांचा धूर आहे, बांधकामांची धूळ आहे. मी म्हटलं, कॅमेरा खरं बोलतोय. भावाने ठाण्यात नेऊन खाडीचा काढला, तोही पांढुरका. तो म्हणाला, "ताई, खाडीवर ओलावा असतो, शिवाय ह्याचा सेन्सर छोटा." मैत्रीण म्हणाली, "वर हवा स्वच्छ असते गं, तिकडे झकास येतील." ज्याच्या त्याच्याकडे उत्तर होतं. कॅमेऱ्याकडे उलटून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही निघालो. चंदिगडपर्यंत विमान, पुढे जीप. ड्रायव्हर तिकडचाच, स्पितीचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा आणि गालातल्या गालात हसणारा. किन्नौरात सफरचंदाच्या बागा लागल्या. झाडं लाल झालेली, खाली नदी. मी म्हटलं, थांबवा. पर्सची चेन, क्रोशाचं बटण, थैलीची नाडी, पिशवीची झिप. झाडं कुठे पळणार नव्हती म्हणून फोटो मिळाला. तोही धुरकट. मैत्रीण म्हणाली ढग उतरलेत. डोक्यावर निळंशार आभाळ होतं, पण मी मान डोलावली.

पुढे एका वळणावर, ऐन रस्त्यात, मोठ्या वळलेल्या शिंगांची एक रानबकरी उभी. इतक्या जवळ की तिचे डोळे दिसत होते. चेन, बटण, नाडी. नाडीला गाठ बसली. मैत्रीण दाताने सोडवायला लागली. मी झिपेपर्यंत पोचले तेव्हा समोर रिकामा रस्ता आणि ड्रायव्हर स्टीयरिंगवर डोकं ठेवून हसत होता. "दीदी," तो म्हणाला, "वो तो अब तक ससुराल पहुँच गई होगी." मी इतकी चिडले, की चारही कव्हरं एकमेकांत कोंबून मागच्या सीटवर भिरकावली. आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर तेवढं परत उचललं, झटकलं आणि घडी करून ठेवलं. रक्तातच आहे, काय करणार?

चौथ्या दिवशी आम्ही जेवायला थांबलेलो. ड्रायव्हरने काच पुसता पुसता बॉनेटवर ठेवलेला माझा कॅमेरा उचलला, उन्हात तिरका धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"दीदी, इसकी पन्नी तो निकालो."

"स्क्रीनची ना? राहू दे, ती आमची आई…"

"पीछे की नहीं. आगे की. शीशे पे."

लेन्सवर कागद होता. पुढच्या सपाट काचेवर, काठाला काठ लावून, कंपनीने चिकटवलेला पातळ कागद. मलंगगड, खाडी, आजवरचं सगळं हिमाचल, मी त्या कागदातून बघत आलेले. मला आधी लाज वाटली, मग आईचा राग आला, मग भावाचा, मग समस्त डोंबिवलीचा. तिघाचौघा शिकल्यासवरल्या माणसांनी महिनोन् महिने धुरकट फोटोंची कारणं शोधली आणि एकाने नखाने खरवडून पाहिलं नाही! मी कागद टर्रकन ओढला. तर मैत्रीण म्हणते काय, "अगं, फेकू नकोस, जपून ठेव, जाताना परत लावता येईल." मी तिच्याकडे बघितलं. ती नर्स आहे, तिने युद्धातून आल्यासारखी माणसं पाहिलीयत, पण आहे शेवटी कल्याणची. मी कागद पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांच्या मुक्कामाला पोचलो. पत्रांवरच्या शिक्क्यावरून गावाचं नाव काढलेलं, आणि गावापासून वर, आणखी बरंच वर, रस्त्याच्या कडेला ती जागा. मी आधी मानायलाच तयार नव्हते. एका ओळीत सहा-सात दगडी खोल्या, वर पत्रे, निम्मे उडालेले. मागे राखाडी डोंगर. झाड नाही. झुडूप नाही, गवताचं पातं नाही. वारा असा की कानशिलं दुखायला लागली. नदी होती, पण ती खाली, इतकी खाली की दोरीसारखी दिसत होती. पलीकडे एक दगड उभा केलेला, त्यावर रस्त्याचं काम करताना गेलेल्यांची नावं कोरलेली. मी वाचायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

शेजारच्या टपरीत एक म्हातारा चहा करत होता. लहानपणी तो याच रस्त्यावर खडी फोडायला होता. बाबांबद्दल विचारलं तर म्हणाला, इतके साहेब आले आणि गेले, नाही आठवत. मी विचारलं, हिवाळ्यात इथे पाणी कुठून आणायचे? म्हणाला, "पानी कहाँ? बर्फ़ काट के पिघलाते थे." वर्षातून सहा महिने रस्ता बंद, ना माणूस जायचा ना टपाल. "आदमी चाहे तो भी नहीं निकल सकता था, बहनजी." शेवटी मी विचारलं, इथे सफरचंदाचं झाड होतं का कधी? त्याला हसू आवरेना. "सेब? यहाँ? सेब नीचे होता है, किन्नौर में."

मी तिथल्या तिथे दगडावर बसले. मैत्रिणीला वाटलं उंचीमुळे चक्कर आली, तिने नाडी बघितली, पाणी पाजलं. मला चक्कर आली नव्हती. मला बाबा दिसत होते, आमच्या डोंबिवलीच्या पंख्याखाली बसून "मजा होती खरी" म्हणणारे. मी खूप रडले. मग उठले आणि फोटो काढले. सगळे आरशासारखे स्वच्छ आले. पत्र्यावरचा गंज दिसत होता, दगडावरची अक्षरं वाचता येत होती. इतके चांगले फोटो मी जन्मात काढले नव्हते आणि त्यातला एकही मला नको होता.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ वायर घेऊन आला, कॅमेरा टीव्हीला जोडायला. आई सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून, चष्मा दोनदा पुसून बसलेली. मी भावाला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "ताई, तिला बागेचा फोटो दाखव."

"अरे, तो खालचा आहे. तिथून दीड दिवसाचा रस्ता."

"तिला काय कळणार? नदी आहे, झाड आहे, सफरचंद आहे. पत्रात होतं तसंच. या वयात तिला कशाला दुखवायचं?"

मला पटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एकच पर्याय घेऊन आलेला. आम्ही बाहेर आलो आणि टीव्हीवर बागेचा फोटो लावला, तो धुरकट. आई उठली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली, मान तिरकी करून डाव्या डोळ्याने बघत राहिली. लाल झाडं, खाली नदी.

"छान आहे," ती म्हणाली. जरा वेळाने परत म्हणाली, "छानच आहे की. मग कशाला येतील घरी?"

तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका साधा होता की मला ते सहन होईना. चाळीस वर्षं जे म्हणत आली त्याचा पुरावा मीच तिच्या हातात दिलेला. आणि बाबांच्या बाजूने बोलायला त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"आई, ही ती जागा नाही," मी म्हटलं. भाऊ माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मी बटण दाबत गेले, आणि टीव्हीवर त्या दगडी खोल्या आल्या.

आईने बराच वेळ पाहिलं. मग बोट लावून विचारलं, "झाड कुठंय?"

"झाड नाहीये, आई. नव्हतंच."

"नदी?"

"खूप खाली. पाणी नव्हतंच हिवाळ्यात. बर्फ फोडून वितळवायचे. सहा महिने रस्ता बंद. यायचं म्हटलं असतं तरी बाबांना येता आलं नसतं."

"मग तसं लिहिलं का नाही?" आई एकदम ओरडली, टीव्हीवरच. "मी काय खाणार होते का त्यांना? लबाड माणूस! सफरचंद म्हणे!" भावाने तिला धरून सोफ्यावर बसवलं. ती तिथूनही टीव्हीकडेच बघत होती, एवढ्या लांबून तिला काही दिसत नसणार.

"दुसऱ्या हिवाळ्याआधी मी विचारलं होतं पत्रातून," थोड्या वेळाने ती म्हणाली. "स्वेटर विणून पाठवू का म्हणून. तर लिहिलं, नको, इथे तेवढी थंडी नसते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नाही विणला. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, राहा तसेच, कोण बसतंय तुमच्यासाठी विणत."

भावाने तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

"एकच स्वेटर नेला होता गं त्यांनी," आई म्हणाली.